पंधरावी

लोक विचारतात, "बॉलिंग? म्हणजे फास्ट की स्पिन?"
वर्धा रोडच्या मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मी तेच सांगतोय:
क्रिकेट नाही, बाप्पा. दहा पिना, साठ फूट लाकूड,
आणि लाकडावर तेल.

तेल कोणाला दिसत नाही.
पहाटे साडेपाचला, एसी सुरू व्हायच्या आधी,
मी मशीन नेतो बारा लेनवरून.
चाळीस फूट तेल, पुढचे वीस कोरडे.
तान्ह्याच्या टाळूला लावतात
त्याहूनही कमी, बोटाला लागेल न लागेल इतकं.
चेंडू आधी घसरतो, मग कोरड्यावर पाय रोवतो
आणि वळतो.
सगळी कमाई त्या वळण्यात.

यंदा टूरची पात्रता फेरी आमच्याकडे.
मे महिना, बाहेर सेहेचाळीस.
साठ खेळाडू, कागदावर चोवीस जागा.
आठ आधीच गेलेल्या, मागच्या वर्षीच्या क्रमवारीला.
दोन प्रायोजकाच्या चिठ्ठीला
(त्यातला एक चांगला खेळतो, खोटं कशाला बोलू).
उरल्या चौदा.

सकाळची तुकडी नवाला, दुसरी चारला.
ज्यानं आधी फी भरली त्यानं आधी वेळ निवडावी,
नियम साधा, सगळ्यांना सारखा.
भरणा सुरू एक तारखेला.
हर्षाली निनावे गांधीबागेत चष्म्याच्या दुकानात कामाला,
पगार सातला.
साडेआठ हजार तिनं सातला रात्री भरले.
तोवर सकाळ संपली होती.

दोन तुकड्यांमध्ये पुन्हा तेल टाकायचं असतं.
पण पाहुणे उशिरा आले, नारळ उशिरा फुटला,
मॅनेजर म्हणाले, "उके, राहू द्या आता.
वहीत तेवढं लिहून ठेवा."
मी लिहिलं. दुपारी सव्वातीन, बारा लेन.
खाली सही.

सहा डाव ती खेळली त्या वाळल्या लाकडावर.
चेंडू वेळेआधीच वळायचा,
दारात पोचायच्या आधीच निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
ती डावीकडे सरकली, अजून सरकली,
मनगट बदललं, वेग बदलला.
शेवटच्या चेंडूला नऊ पडल्या.
दहावी हलली.
हलली, आणि उभी राहिली.

अकराशे शहाऐंशी.
चौदाव्याचे अकराशे सत्त्याऐंशी.

दिल्लीहून आलेले निरीक्षक तिला समजावत होते:
"त्याच लेन, त्याच पिना, तेवढेच डाव. सगळ्यांना."
एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.
मलाही उत्तर सुचलं नाही.
रात्री सुचलं, गादीवर पडल्यावर:
सीताबर्डीच्या त्या शून्य मैलाच्या दगडापासून
अख्ख्या देशाची अंतरं मोजली म्हणतात,
म्हणून काय सगळी गावं सारखीच दूर झाली?
पण रात्री सुचलेल्या उत्तराला
कोण निरीक्षक.

जायच्या आधी ती माझ्यापाशी आली होती.
"काका, दुपारी तेल टाकलं होतं ना?"
मी म्हटलं, "वहीत आहे."
ती काही बोलली नाही.
पिशवीतून टॉवेल काढला, ज्यानं दर चेंडूनंतर
चेंडू पुसतात, तो.
माझ्यासमोर उलगडला.
सहा डाव पुसलेला टॉवेल,
पांढराच्या पांढरा.
मग चौपदरी घडी घालून आत ठेवला
आणि म्हणाली, "येते. मेट्रो सुटंन."

मले काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पहाटे साडेपाचला अंतिम फेरीसाठी तेल टाकलं.
बाराही लेन. अकरावर दोनदा वाकून पाहिलं,
तिथंच तिची ती पिन राहिली होती.
बोटाला लागेल न लागेल इतकं.
बघायला कोणी नव्हतं, एसीचा आवाजही नव्हता.
बोट पँटला पुसलं,
डाग राहिला.

मग वही उघडली. सहीची जागा आली.